राजा गेला, तिकीट आलं : सांगलीचं नाटक मुंबईत, १८५३

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये ज्यांची रेंज जाते आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

 

आज सुरुवात एका पत्त्यापासून करू. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि टॅक्सीवाल्याला म्हणायचं, "पिला हाऊस." तो बरोबर नेऊन सोडेल. जुनी सिनेमाघरं, हातगाड्या, गर्दी, हॉर्न. तिथं पिवळं घर मात्र शोधू नका, सापडणार नाही. हे नाव रंगावरून पडलेलंच नाहीये. इंग्रजीतलं 'प्ले हाऊस' लोकांच्या तोंडात घोळलं, झिजलं आणि त्याचं झालं पिला हाऊस. प्ले हाऊस म्हणजे नाटकघर. एके काळी या भागात नाटकांची थिएटरं होती. पुढं त्यातल्या कित्येकांची सिनेमाघरं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

या भागाला नाटकाची सवय लावणारं थिएटर १८४६ मध्ये उभं राहिलं. त्याचं नाव ग्रँट रोड थिएटर. आज ते नाही. आजची गोष्ट आहे त्याच थिएटरची, आणि तिथं सांगलीहून पोचलेल्या एका नाटकमंडळीची. तारीख ९ मार्च १८५३.

म्हणजे बघा हं, मुंबईत अजून रेल्वे धावलेली नाही. कापडगिरणीचा एकही भोंगा वाजलेला नाही. मुंबई विद्यापीठ निघायला चार वर्षं आहेत. आणि तेव्हा सांगलीची माणसं मुकुट, गदा आणि मृदंग घेऊन या शहरात शिरतात. कशासाठी? हौस म्हणून? मुंबई बघायला? नाही. घरी आता पोट भरणं अवघड झालंय म्हणून.

आजच्या भागाचा प्रश्न तोच. ज्या कलेचं सगळं एका राजाच्या मर्जीवर चाललं होतं, ती कला राजा गेल्यावर अनोळखी शहरात जगली कशी?

आधी सांगली

थोडं मागं जाऊ. १८४२ साल. सांगली संस्थानात कर्नाटकातून भागवत मंडळी आली. गाणं, नाच, सोंगं आणि पुराणातल्या कथा असा त्यांचा खेळ. सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो पाहिला. खेळ आवडला, पण मनात आलं, की हे आपल्याकडं, आपल्या भाषेत का होऊ नये? आणि त्यांनी हे काम सोपवलं विष्णू अमृत भावे या तरुणाकडे. आपण त्यांना विष्णुदास भावे म्हणून ओळखतो. पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा. कविता करणारा, लाकडी बाहुल्या घडवण्यात हात बसलेला. डोकं कल्पनांनी भरलेलं आणि हातात कसब.

५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' झालं. आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो ना, तो याच तारखेमुळं. त्या दिवशी सोशल मीडियावर तुम्ही पोस्ट टाकता, आता तिच्या मागची गोष्टही माहीत असू द्या.

हे नाटक आजच्यासारखं नव्हतं बरं का. सूत्रधार आणि त्याच्यामागं गाणारी मंडळी शेवटपर्यंत रंगमंचावरच. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसून सरस्वती यायची, विदूषक सूत्रधाराची खेचायचा. मग कथा. सूत्रधार पद म्हणून प्रसंग सांगणार आणि त्यावर पात्रं आपल्या मनानं बोलणार. संवाद लिहून पाठ केलेले नसत. प्रसंग ठाऊक असायचा, शब्द ज्याचे त्याचे. बायकांची कामं पुरुषच करायचे. आणि राक्षस आला की नुसता धुमाकूळ! आरोळ्या, तलवारी, उड्या. त्या आरोळ्यांवरून पुढं लोक या नाटकांना चिडवायला 'अललडुर्र' म्हणायला लागले.

आता मुद्द्याचं ऐका. हे सगळं बघायला तिकीट नव्हतं. राजाच्या आश्रयानं खेळ उभा राहायचा. खर्च दरबाराचा, कौतुक दरबाराचं. कोण पुढं बसणार आणि कोण मागं उभं राहणार, हे मान आणि हुद्दा ठरवायचा. आणि नाटक आवडलं की नाही, हे शेवटी एकाच माणसाच्या चेहऱ्यावर वाचायचं असायचं.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले. आश्रय आटला. डोक्यावर कर्ज, हाताशी शिकवून तयार केलेली माणसं, आणि बोलावणारा कुणी नाही. भाव्यांनी बाहेरगावी खेळ करून पैसा उभा करायचं ठरवलं. त्या काळी नाटकात तोंडाला रंग लावून नाचणाऱ्याकडे लोक नाक मुरडूनच बघायचे. राजाचा हात पाठीवर असताना कुणी फार बोलत नसे. तो हात गेल्यावर ही माणसं अनोळखी गावात कोण? आज इथं, उद्या तिथं फिरणारे सोंगाडे. तरी निघाले.

रस्ता

सांगलीहून मुंबई. आज संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसलात तर उजाडता उजाडता पोचता. तेव्हाचा हिशेब करून बघू. सांगली ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, तिथून मुंबई आणखी दीडशे. सामान भरलेली बैलगाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर गेली तरी खूप. म्हणजे कुठंही खेळ न करता, मुक्काम न लांबवता, दोन आठवडे नुसते रस्त्यावर. आणि नाटकमंडळी अशी सरळ जात नाही. वाटेत गाव लागलं, यजमान मिळाला, की खेळ लावायचा, चार पैसे करायचे आणि पुढं निघायचं.

बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्येच खुला झाला होता. घाट उतरून पनवेल गाठायचं आणि तिथून बोटीनं मुंबई, हा त्या काळच्या प्रवाशांचा नेहमीचा मार्ग. कृष्णाकाठच्या माणसाला पहिल्यांदा खाडीचं पाणी लागायचं ते इथं.

आणि मग समोर मुंबई.

शहर कसं होतं?

१८४९ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या वर भरली होती. दरबाराच्या आसपास जिथं सगळे एकमेकांना ओळखतात, त्या गावातून आलेल्या माणसाला हा आकडा कसा वाटला असेल? दक्षिणेला कोट, म्हणजे तटबंदीच्या आतली मुंबई. हो, तेव्हा तट उभा होता, तो पुढं १८६० नंतर पाडला. आत इंग्रजांच्या पेढ्या, कचेऱ्या आणि बडे पारशी व्यापारी. कोटाच्या बाहेर उत्तरेला देशी लोकांची दाट वस्ती. काळबादेवी, भुलेश्वर, मुंबादेवी. तिथून पुढं गिरगाव, वाड्यांचं आणि नारळीच्या बागांचं. आणि त्याहून पुढं, शहराच्या कडेला, खेतवाडी आणि ग्रँट रोड. खेतवाडी हे नावच सांगतं की तिथं शेतं होती.

रात्री अंधार. रस्त्यावर गॅसचे दिवे यायला १८६५ उजाडावं लागलं. नळाचं पाणी नाही, विहारचं पाणी पोचलं ते १८६० मध्ये. तोवर विहिरी आणि तळी. म्हणजे मंडळी मुक्कामाला कुठंही उतरली तरी पहिला प्रश्न आजच्या भाडेकरूचाच : पाणी किती वाजता आणि कुठून?

पण सगळ्यात नवी गोष्ट कानाला जाणवली असणार. सांगलीत नाटक करताना समोरच्याला मराठी कळतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. इथं एका गल्लीत गुजराती, दुसरीत कोकणी, तिसरीत हिंदुस्थानी, कोटात इंग्रजी. भाव्यांच्या नाटकातली पात्रं तर आयत्या वेळी मनानं बोलणारी. बोलणंच कळलं नाही तर उरलं काय? मृदंग, मुकुट आणि राक्षसाची आरोळी!

थिएटर कुणाचं, कुणासाठी?

आता त्या थिएटरची गोष्ट, कारण ती मजेशीर आहे. इंग्रजांचं जुनं थिएटर कोटात होतं, १७७६ सालचं. ते कर्जात बुडालं आणि १८३५ मध्ये विकलं गेलं. म्हणजे कर्जात बुडणं ही काही आपल्याच नाटकवाल्यांची मक्तेदारी नाही! पुढं नव्या थिएटरसाठी खटपट सुरू झाली आणि जागा दिली जगन्नाथ शंकरशेट यांनी. तेच नाना शंकरशेट. जागा कुठं? ग्रँट रोडला.

इथंच गंमत झाली. थिएटर बांधलं इंग्रजी नाटकांसाठी, पण कोटातल्या साहेबाला ते लांब पडायला लागलं. रात्रीच्या अंधारात, देशी वस्तीच्या गर्दीतून घोडागाडी हाकत जायचं आणि तसंच परत यायचं. कोण जाणार रोज? ज्यांच्यासाठी थिएटर होतं ते दूर राहिले आणि ज्यांच्यासाठी नव्हतं, त्या वस्तीच्या मात्र ते अगदी दारात आलं. इमारत तयार, रंगमंच तयार, बसायला खुर्च्या. पाहिजे होतं ते असं नाटक, की जे बघायला या बाजूचे लोक येतील.

आणि नेमकी तेव्हा सांगलीकर मंडळी शहरात आली. आधी गिरगावाकडं, मराठी वस्तीत खेळ झाले. ती ओळखीची जागा म्हणायची, माणसं आपली, भाषा आपली. मग ९ मार्च १८५३ ला ग्रँट रोड थिएटर.

इंग्रजी वर्तमानपत्रात या मंडळींची जाहिरात झळकली, 'हिंदू ड्रॅमॅटिक कोअर' या नावानं. जरा थांबा इथं. सांगलीत यांना जाहिरात लागत नव्हती. राजाच्या वाड्यात खेळ आहे म्हटल्यावर गावभर कळायचं. मुंबईत मात्र नाव छापावं लागलं, जागा छापावी लागली. आपण कोण आहोत हे अनोळखी माणसाला दोन ओळींत सांगावं लागलं. आज तुम्ही इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये जे करता, तेच.

तिकीट म्हणजे काय झालं?

मला विचाराल तर त्या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट रंगमंचावर घडलीच नाही. ती दारात घडली. पैसे द्या, आत या.

आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण आपण ॲपवर सीट निवडतो, पैसे भरतो आणि विसरून जातो. पण तेव्हाच्या नटाच्या जागी उभं राहून बघा. काल समोर एक माणूस बसायचा. तो खूश तर सगळं ठीक. तो गेला तर सगळं संपलं. आज समोर शेकडो माणसं आहेत. त्यातला कुणीच तुमचा मालक नाही आणि म्हणूनच त्यातल्या प्रत्येकाला थोडं थोडं खूश करायला हवं. एक उठून गेला तर काही बिघडत नाही. सगळे उठून गेले तर उद्या चूल पेटत नाही.

बसायची जागा आता हुद्द्यापेक्षा पैशावर ठरायला लागली. जास्त पैसे, पुढची जागा. कमी पैसे, मागची. हे फार न्यायाचं होतं असं मी म्हणत नाही, ज्याच्याकडं पैसेच नाहीत तो बाहेरच राहिला. पण दरबारात ज्याला पुढं बसायची मुभा जन्मात मिळाली नसती, तो इथं नाणं टाकून बसू शकत होता. हा बदल छोटा नाही.

भाव्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. हे शहर एका भाषेचं नाही. मग त्यांनी काय केलं माहितीये? 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदीत केलं आणि मुंबईत रंगमंचावर आणलं. कृष्णाकाठची मराठी मंडळी, हिंदीत नाटक! हिंदी रंगभूमीच्या इतिहासात आजही त्याची नोंद घेतात. मराठी नाटकाचा जनक म्हणून आपण ज्याला हार घालतो, त्यानं परक्या शहरात दुसऱ्या भाषेत नाटक केलं होतं. स्वतःची भाषा कमी वाटली म्हणून नव्हे. शहरात हिंडल्यावर, कान उघडे ठेवल्यावर कळलं म्हणून, की इथं थिएटर भरायचं तर गल्लीगल्लीतल्या माणसाला कळेल असं बोलावं लागेल.

नवं शहर बघणं म्हणजे आपल्यासाठी काय असतं? चार ठिकाणं, आठ फोटो, एक प्रसिद्ध मिसळ. फिरत्या नाटकमंडळीला शहर वेगळ्या पद्धतीनं वाचावं लागायचं. इथले लोक कुठं राहतात, रात्री घरी कसे परततात, कुठली भाषा बोलतात, कशाला हसतात, कशाला पैसे देतात. हे नाही कळलं तर परतीच्या गाडीचं भाडंही निघायचं नाही.

आणि शहराला काय मिळालं?

शिकणं एकतर्फी नव्हतं. त्याच वर्षी, १८५३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच ग्रँट रोड थिएटरात पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबच्या कथेवर नाटक केलं. पारशी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात. हीच पारशी थिएटरची परंपरा पुढं देशभर फिरली आणि तिची गाणी, तिचा भपका हिंदी सिनेमात उतरला. मार्चमध्ये सांगलीकरांचा खेळ, ऑक्टोबरमध्ये पारशी मंडळींचा. आपल्या लोकांचं नाटक तिकीट लावून चालू शकतं, हे या थिएटरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिसलं होतं.

आणि या दोन तारखांच्या मधे काय झालं, सांगा बरं? १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, पहिली प्रवासी रेल्वे. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. सांगलीकरांच्या ९ मार्चच्या खेळानंतर बरोबर ३८ दिवसांनी. योगायोगच, पण केवढा! ज्या वर्षी मराठी नाटकाला तिकीट सापडलं, त्याच वर्षी त्याला गावोगाव नेणारं वाहनही रुळावर आलं. १८६३ मध्ये बोरघाटात रूळ पडले. पुढच्या पिढीतल्या नाटक कंपन्या बैलगाडीतून आगगाडीत चढल्या आणि पेटारे, पडदे, आचारी, सगळं बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायला लागल्या.

भाव्यांचं बघून इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या. नाव बघा कसं, गावाचं. बाहेर हिंडायचं, पण पाटीवर गाव आपलं. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' केलं आणि संगीत नाटकाचं युग आलं. ती वेगळी गोष्ट, तिच्यावर स्वतंत्र भाग करू.

हिशेबाची दुसरी बाजू

पण मंडळी, गोष्ट इतकी गोड करून संपवली तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. तिकिटानं नाटकाला राजापासून सोडवलं, कर्जापासून नाही. भावे कर्ज फेडायला घराबाहेर पडले होते. जवळजवळ सत्तर वर्षांनी, बालगंधर्व लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाही त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतलेली होती. राजा रुसला तर एकदाच रुसतो. प्रेक्षक रोज नव्यानं रुसू शकतो. आज यूट्यूबवर, रील्सवर जे काम करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. व्ह्यूज खाली गेले की पोटात येतो तो गोळा फार जुना आहे.

विष्णुदास भाव्यांनी साधारण दहा वर्षं अशी फिरती केली आणि १८६० नंतर लवकरच ती थांबवली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं, आधी लिहिलेलं, पुस्तकातलं नाटक. मनानं बोलणाऱ्या पात्रांचा काळ हळूहळू सरायला लागला. भावे सांगलीला परतले. १९०१ मध्ये ते गेले, तोवर त्यांनी सुरू केलेला खेळ ओळखू येणार नाही इतका बदलला होता. लोक जुन्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हसत होते. हसणारे तिकीट काढूनच थिएटरात बसत होते, ही त्यातली गंमत.

सांगलीत आज भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, त्यांच्या नावाचं पदक रंगभूमीतला मोठा मान समजला जातो. ते बरोबरच आहे. पण मला वाटतं, त्यांची आठवण करायची आणखी एक जागा आहे. ग्रँट रोडला, पिला हाऊसच्या त्या गर्दीत. पाटी नाही, पुतळा नाही, थिएटरही नाही. पण आश्रयदाता गमावलेला एक माणूस इथं आला, शहर कान देऊन ऐकलं आणि अनोळखी लोकांच्या भरवशावर नाटक उभं केलं.

पुढच्या वेळी नाटकाचं तिकीट काढाल, तेव्हा त्या क्यूआर कोडकडे एकदा नीट बघा. त्या तिकिटाची किंमत कुणीतरी बैलगाडीतून दोन आठवडे येऊन आधीच मोजलेली आहे.

आणि हो, तुमच्या गावात जुनं थिएटर असेल, किंवा घरात आजी-आजोबांकडून फिरत्या नाटक कंपन्यांच्या आठवणी ऐकल्या असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवू.

तोवर ऐकत राहा, हिंडत राहा. भेटू पुढच्या भागात!